मंगळवारची नोंद

“हात काढ तिथून,” याकूबचाचा म्हणाले, “दुखतंय.”

मी हात काढला आणि ते त्याहून जोरात कळवळले. दाबताना दुखतं त्यापेक्षा दाब सोडताना जास्त दुखतं, हे मला कोर्समध्ये शिकवलं होतं. बेंबीच्या खाली, उजव्या अंगाला. थर्मामीटर एकशे एकच्या वर गेला होता.

“कधीपासून आहे हे?”

“काय नाय रे. परवापासून वाईच.”

“परवापासून? आणि काल दिवसभर तुम्ही होल्डमध्ये उतरून घासत होतात?”

ते जहाजाच्या दवाखान्यातल्या अरुंद खाटेवर पाय पोटाशी घेऊन पडून राहिले. दवाखाना म्हणजे एक खाट, एक बेसिन आणि औषधांचं कपाट. त्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असे. मी त्या जहाजावर सेकंड ऑफिसर होतो. नकाशे आणि दिशा ही माझी मुख्य कामं, आणि डॉक्टर नसल्यामुळे आजारी माणसंही माझ्याच वाट्याला येत. त्यासाठी मी तीन आठवड्यांचा एक कोर्स केला होता. माझं वय तेव्हा सत्तावीस.

याकूब परकार आमचे बोसन होते, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. वय चोपन्न. दाभोळ खाडीच्या अलीकडे त्यांचं गाव, पलीकडे धोपाव्याच्या बाजूला माझं. चारचौघांत ते मला ‘सेकंड साब’ म्हणत आणि मी त्यांना ‘बोसन’. दोघंच असलो की ते ‘श्रीरंगा’ म्हणत आणि मी ‘चाचा’. त्यांचा नऊ महिन्यांचा करार संपून दोन महिने उलटले होते. बदली माणूस पुढच्या बंदरात येईल असं ऑफिस प्रत्येक बंदरात सांगत होतं. डेकवर तीन माणसं कमी होती. मोंबासाला सिमेंटचा कच्चा माल उतरवून आम्ही ऑस्ट्रेलियाला गहू भरायला निघालो होतो. तिथे पोचेपर्यंत पाचही होल्ड, म्हणजे माल भरायच्या कोठ्या, धुऊन-घासून लख्ख करायचे होते. होल्डमध्ये धुळीचा कण सापडला तरी गहू भरू देत नाहीत, आणि ठरलेली तारीख हुकली तर तो माल दुसऱ्या जहाजाला जातो. म्हणून सगळे सकाळी सहापासून अंधार पडेपर्यंत खपत होते.

“आधी का नाही सांगितलंत?” मी विचारलं.

“सांगून काय? तू कागदावर लिवणार. मग हापिसवाले ‘अनफिट’ लिवणार. चोपन्नाव्या वर्षी अनफिट झालेल्या माणसाला परत कोण घेतो? तुला ठाव नाय काय?”

मला ठाऊक होतं. तरी मी कागद काढला आणि लिहायला बसलो. ताप, नाडी, दुखणं कुठे सुरू झालं, कुठे सरकलं, दोनदा उलटी. शेवटी मी लिहिलं: ‘अपेंडिक्स असावं असं वाटतं.’ मग तो कागद घेऊन तडक कॅप्टनच्या केबिनमध्ये गेलो.

कॅप्टन गुप्ते पेणचे. जहाजावर एकोणीस माणसं, त्यांत मराठी बोलणारे आम्ही तिघंच. पण त्यांचं माझं नातं तेवढ्यावर नव्हतं. मी पहिल्यांदा बोटीवर चढलो तो त्यांच्याच हाताखाली. सूर्याची उंची कशी घ्यायची ते त्यांनी शिकवलं, आणि नांगर टाकताना कुठे उभं राहायचं नाही तेही. भर समुद्रात माझे वडील गेल्याची तार आली तेव्हा त्यांनी ती कुणाच्या हाती न पाठवता मला केबिनमध्ये बोलावून स्वतः सांगितली, आणि पुढचे चार तास माझी वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, त्यांनी स्वतः केली. पुढे परीक्षा पास झालो तेव्हा ऑफिसात माझ्यासाठी शब्दही त्यांनीच टाकला. आई त्यांचं नाव घेताना हात जोडायची.

त्यांनी कागद दोनदा वाचला.

“नक्की उजवीकडेच ना? तू घाबरून तर लिहिलं नाहीस?”

“सर, मी पुस्तकाप्रमाणे तपासलंय.”

“बरं. मी आत्ता डॉक्टरांना पाठवतो.”

जहाजांना सल्ला देणारी डॉक्टरांची एक संस्था होती. आजाऱ्याची माहिती पाठवली की तासाभरात उत्तर येई. त्या वेळी आमच्या जहाजावर ई-मेल फक्त कॅप्टनच्या कॉम्प्युटरवर येत. सॅटेलाईट फोनची चावीही त्यांच्याकडेच असे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

मी ब्रिजवर, जहाज जिथून चालवतात त्या वरच्या खोलीत, गेलो. नकाशा पसरला. मॉरिशस आमच्या दक्षिणेला होतं. पोर्ट लुईपर्यंतचं अंतर मोजलं, वेगाने भागलं. सतरा तास. पेन्सिलीने एक बारीक रेघ मारून ठेवली. डॉक्टरांनी ‘वळा’ म्हटलं की लगेच वळता यावं म्हणून.

बारा वाजून गेले होते. कॅप्टन स्वतः जिना चढून वर आले. हातात टाईप केलेला एक कागद होता आणि चेहरा मोकळा.

“अपेंडिक्स नाही वाटत त्यांना. पोटात इन्फेक्शन आहे म्हणतात. अँटिबायोटिक चालू कर. हलकं खाणं, भरपूर पाणी. चोवीस तासांनी परत कळवायचं.”

मी कागद वाचला. इंग्रजीत सहा ओळी. तेच सगळं होतं त्यात.

“बघ, उगाच जीव खालीवर करून घेतलास,” असं म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “जा, सांग त्याला. आणि त्याच्या हाताला धरून चार घास खायला घाल. हट्टी आहे तो.”

मी ती पेन्सिलची रेघ खोडरबराने पुसून टाकली. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी फार हलकं वाटलं होतं. एवढ्या मोठ्या निदानाचं ओझं माझ्यावरून उतरलं होतं.

खाली गेलो. लॉरेन्स नावाचा गोव्याचा कुक होता, त्याला सांगून पेज करवून घेतली. त्याने त्यात मीठ आणि थोडं तूप घातलं.

“चाचा, डॉक्टरांचं उत्तर आलं. साधं इन्फेक्शन आहे.”

“म्हणजे अनफिट नाय?”

“नाही.”

त्यांनी डोळे मिटले. ओठांतल्या ओठांत काही पुटपुटले. मग म्हणाले, “मना भूक नाय रे.”

“डॉक्टरांनी सांगितलंय. खायलाच पाहिजे.”

“तू सांगतोस तर खातो.”

मी त्यांना चमच्याने अर्धी वाटी पेज भरवली. संध्याकाळी पुन्हा अर्धी वाटी.

बुधवारी सकाळी त्यांचं दुखणं एकाएकी थांबलं. मी दवाखान्यात शिरलो तर ते पाय लांब करून पडले होते आणि हसत होते. “गेली रे कळ. एकदम गेली.” मी धावत जाऊन कॅप्टनना सांगितलं. त्यांनी खुर्चीत मागे रेलून मोठा श्वास सोडला. “देव पावला,” म्हणाले. मॉरिशस तेव्हा दिवसभराच्या अंतरावर मागे पडलं होतं.

अपेंडिक्स फुटलं की थोडा वेळ असंच बरं वाटतं. पुस्तकात ते त्याच पानावर, मागच्या बाजूला लिहिलेलं होतं. ते मी नंतर वाचलं. तिसरा ऑफिसर आजारी पडून आधीच्या बंदरात उतरला होता, म्हणून त्या दिवसांत मी सहा तास काम, सहा तास सुट्टी असा राबत होतो. पण ती काही सबब नाही. मी पुढे वाचलं नाही, कारण डॉक्टरांनी अपेंडिक्स नाही म्हणून सांगितलं होतं.

बुधवारी दुपारपासून ताप चढत गेला. पोट फळीसारखं कडक झालं. मी पुन्हा कॅप्टनकडे गेलो. त्यांनी पुन्हा ‘पाठवतो’ म्हटलं, आणि तासाभराने इंजेक्शन सुरू करायला सांगितलं. या वेळी कागद नव्हता. मी मागितलाही नाही. गुरुवारी सकाळी ते स्वतः दवाखान्यात आले. चाचांचा चेहरा राखेसारखा झाला होता. कॅप्टन उंबऱ्यातच उभे राहिले, पाऊल आत टाकलं नाही. मग तसेच वळून ब्रिजवर गेले आणि जहाज फिरवलं. कुणाला न विचारता, ऑफिसचीही वाट न बघता. तेव्हा मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला होता.

परतीचा रस्ता चाळीस तासांचा. इंजिन जेवढं पळेल तेवढं पळवलं. शुक्रवारी दुपारी तीन वाजता, पोर्ट लुई नऊ तासांवर असताना याकूबचाचा गेले. शेवटी त्यांना शुद्ध नव्हती. त्याआधी तासभर मात्र होती.

“श्रीरंगा, आपण परत कशाला चाललोय?”

“तुम्हाला दाखवायला.”

“मग डॉक्टर काय बोलला होता?”

मी म्हणालो, “आधी साधंच वाटलं होतं त्यांना.”

“बरं,” ते म्हणाले. “चूक होते माणसाची.”

शनिवारी सकाळी बंदराबाहेर नांगरलेल्या जहाजावर एक लाँच आली. पोलीस होते, कंपनीचा बंदरातला एजंट होता आणि एक डॉक्टर. पन्नाशीच्या, पांढऱ्या केसांच्या बाई. त्यांनी याकूबचाचांना तपासलं, चादर पुन्हा वर ओढली आणि मला विचारलं, “औषधांचं तुम्ही बघत होता?”

“होय.”

“मग एक सांगा मला. मंगळवारपासून आम्ही खाट तयार ठेवली होती. सर्जन थांबून होते. तुम्ही आला का नाहीत?”

मला वाटलं माझी ऐकण्यात चूक झाली. “मंगळवारपासून?”

“सल्ला देणाऱ्या डॉक्टरांनी तुम्हाला पोर्ट लुई गाठायला सांगितलं होतं. आम्हालाही त्याच वेळी कळवलं होतं. ताबडतोब वळा, पोटात पाण्याचा थेंब जाऊ देऊ नका. तुम्हाला मिळालं नाही का हे?”

पोटात थेंबही जाऊ देऊ नका. मी दवाखान्याच्या बेसिनपाशी जाऊन उभा राहिलो. कोपऱ्यात ती वाटी आणि चमचा धुऊन पालथे ठेवलेले होते.

बाई खाली उतरल्यावर मी कॅप्टनच्या केबिनमध्ये गेलो आणि दार लावून घेतलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं मात्र, त्यांना समजलं.

“बस,” ते म्हणाले.

“नाही बसत. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं सर?”

“श्रीरंग, आधी ऐकून घे.”

“तो कागद कुणी टाईप केला?”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मी.”

बाहेर लाँचचा भोंगा वाजला. ते बोलत राहिले. मी उभाच होतो.

“मी लगेच ऑफिसला फोन केला. ते म्हणाले, तारीख हुकेल. चोवीस तास बघा, फरक नाही पडला तर वळा. सहा वर्षांपूर्वी एका पोराच्या छातीत दुखतं म्हणून मी जहाज वळवलं होतं. काय निघालं? अ‍ॅसिडिटी. वर्षभर प्रत्येक मीटिंगमध्ये माझं उदाहरण देत होते. सगळे हसत होते मला. मी म्हटलं, चोवीस तासांत काय होतंय? आणि बुधवारी त्याला बरं वाटलंच की नाही?”

“पण मला का खोटं सांगितलंत?”

“तुला खरं सांगितलं असतं तर तू गप्प बसला असतास?”

“मी त्यांना भरवलं, सर. तुम्ही सांगितलंत म्हणून. पेज भरवली मी त्यांना.”

त्यावर त्यांना रडू फुटलं. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. छप्पन्न वर्षांचा माणूस टेबलावर कोपरं टेकून हुंदके देत होता, आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. मीच त्यांना पाण्याचा ग्लास भरून दिला.

थोड्या वेळाने ते म्हणाले, “दोन वर्षांत मी रिटायर होतोय. ऑफिसात जागा देतो म्हणालेत. मुलीचं, सुमेधाचं, लग्न ठरतंय. हे बाहेर आलं तर मी तुरुंगात जाईन, श्रीरंग. या परक्या देशात. तो काही परत येणार नाही.”

“ऑफिसने सांगितलं ते सांगा ना मग.”

“फोनवरचं बोलणं. कोण कबूल करणार?” त्यांनी डोळे पुसले. “आपण एवढंच सांगू की निरोप नीट उतरला नाही, समजायला उशीर झाला. कुणाचंच नाव नको. तुझ्या केसालाही धक्का लागू देणार नाही मी. माझ्यावर विश्वास आहे ना?”

मी मान हलवली.

“तो कागद कुठे आहे?”

“औषधांच्या फाईलमध्ये.”

“आणून दे मला.”

मी खाली गेलो, फाईल उघडली. कागद पंच करून लावलेला होता. काढताना एका भोकाशी थोडा फाटला. जिना चढताना मी मध्ये एकदा थांबलो होतो, हे मला स्वच्छ आठवतं. तिथे थांबून मी नक्की काय विचार करत होतो ते मात्र आठवत नाही. वर जाऊन मी तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी घडी घालून खिशात ठेवला आणि माझा हात दोन्ही हातांत धरला.

त्या दिवशी पोलिसांपुढे मी त्यांनी सांगितलं तसंच सांगितलं.

चाचांचं शव विमानाने मुंबईला आणि तिथून गावी गेलं. आम्ही दोन दिवसांनी ऑस्ट्रेलियाला निघालो. चार महिन्यांनी मी घरी आलो, आणि त्यानंतर पंधरवड्यातच मुंबईला चौकशीसाठी बोलावणं आलं. जहाज ज्या देशाच्या नावावर होतं तिथून एक अधिकारी आला होता. फोर्टमधल्या एका वकिलाच्या कचेरीत तो बसला होता. कॅप्टन गुप्ते लिफ्टपाशीच भेटले. नवा सूट घातला होता. त्यांनी आईची चौकशी केली, “घाबरू नकोस” म्हणाले.

अधिकाऱ्यापुढे कंपनीने ठेवलेले कागद होते. त्याने मला डॉक्टरांचं मंगळवारचं उत्तर दाखवलं. मूळ उत्तर. ‘ताबडतोब वळा. तोंडावाटे काहीही देऊ नका.’

“हे तुम्हाला कधी मिळालं?”

“मला उशिरा समजलं.” ठरलं होतं तसं मी म्हणालो.

“किती उशिरा?”

मी कॅप्टनकडे पाहिलं. ते समोरच्या फुलदाणीकडे बघत होते.

अधिकाऱ्याने जहाजाचं लॉगबुक उघडून माझ्यापुढे सरकवलं. त्यात रोजच्या महत्त्वाच्या घटना कॅप्टनने आपल्या हाताने लिहायच्या असतात, पानं क्रमाने असतात आणि मागाहून कुणाला मध्ये काही घुसवता येत नाही. मंगळवारचं पान. वर बाराची हवामानाची नोंद, तिच्याखाली त्यांच्या सुरेख तिरक्या अक्षरात: ‘१२.२०. डॉक्टरांचा संपूर्ण सल्ला सेकंड ऑफिसरच्या हाती लेखी दिला. रुग्णाची स्थिती गंभीर नाही, जहाज वळवण्याची गरज नाही, असं सेकंड ऑफिसरने तपासून सांगितलं.’ त्याखाली दुपारी एकची होल्ड-सफाईची नोंद.

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. बारा वीस. त्याच वेळी ते ब्रिजवर माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. तिथून खाली जाऊन त्यांनी हे लिहिलं असणार. याकूबचाचा तेव्हा जिवंत होते. अजून तीन दिवस जगायचे होते. काहीच बिघडलं नव्हतं अजून. मी लॉरेन्सला पेज करायला सांगत होतो, तेवढ्या वेळात.

“ही नोंद खरी आहे?” अधिकाऱ्याने कॅप्टनना विचारलं.

“होय,” ते म्हणाले. “हुशार मुलगा आहे. माझ्याच हाताखाली तयार झाला. पण त्याला गांभीर्य ओळखता आलं नाही. मी त्याच्यावर जरा जास्तच विसंबलो, ती चूक माझी.”

“खोटं आहे हे!” मी उभा राहिलो. “ह्यांनी मला दुसराच कागद दिला होता.”

“कुठे आहे तो?”

तो मी माझ्या हाताने परत दिला होता. तसं सांगितलं असतं तरी आधीचा पोर्ट लुईचा माझा जबाब, माझ्या सहीचा, त्याच फाईलमध्ये होता.

माझं सर्टिफिकेट दोन वर्षांसाठी स्थगित झालं. कॅप्टनना लेखी समज मिळाली. ते त्याच वर्षी ऑफिसात रुजू झाले. जहाजांवरच्या माणसांच्या सुरक्षिततेचं खातं त्यांच्याकडे दिलं, असं कळलं.

मी धोपाव्याला घरी बसलो. दोन महिने खाडी ओलांडून पलीकडे जायची हिंमत झाली नाही. शेवटी एक दिवस दुपारच्या फेरीबोटीने गेलो.

याकूबचाचांच्या पत्नी, सकीनाचाची, ओसरीवर सुपारी कातरत बसल्या होत्या. मला त्यांनी ओळखलं. कंपनीचं पत्र त्यांना आलं होतं. सेकंड ऑफिसरच्या हलगर्जीपणामुळे, असं त्यात लिहिलं होतं, आणि ते त्यांच्या मुलीने, रुबिनाने, वाचून दाखवलं होतं. रुबिना मंडणगडला शाळेत शिकवत असे. सुट्टीला आली होती. ती दारातून बाहेर आली आणि मला बघून तशीच आत गेली.

“बस,” चाची म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. पेज सांगितली, कागद परत दिला तेही सांगितलं. त्यांचा अडकित्ता थांबला होता.

“कागद का दिलास?”

“त्यांनी मागितला म्हणून.”

“मागितला म्हणून दिलास.”

“होय.”

“ह्यांनी पण तू बोललास म्हणूनच खाल्लं ना?”

“होय, चाची.”

त्या उठून आत गेल्या. मला वाटलं, आता जावं. मी चप्पल घालत होतो तेवढ्यात रुबिना बाहेर आली. रडून तिचे डोळे लाल झाले होते, पण आवाज वर्गात बोलावा तसा स्पष्ट होता.

“डॉक्टरांच्या संस्थेकडे सगळ्या निरोपांची नक्कल असेल ना?”

“असेल. मी मागितली होती. आजाऱ्याचे कागद फक्त घरच्यांनाच देतो म्हणाले.”

“मग आम्ही घरचेच आहोत. अर्ज कसा करायचा ते सांगा.”

“माझ्यावर विश्वास ठेवून?”

“नाही,” ती म्हणाली. “विश्वास ठेवून काय झालं ते दिसतंय. मला कागद बघायचा आहे.”

आत चाची कपबशा काढत होत्या, त्याचा आवाज येत होता. चहा झाला. तो कुणी गोड मानून घेतला नाही, पण घेतला. अर्जावर चाचींनी सही केली.

कागद यायला सात महिने लागले. मंगळवार-बुधवारचे मिळून डॉक्टरांचे एकूण चार निरोप होते. लॉगबुकात एकच होता. आणि मंगळवारी अकरा पंचावन्नला, म्हणजे कॅप्टन जिना चढून माझ्याकडे आले त्याच्याही आधी, जहाजावरून त्यांचं उत्तर गेलं होतं: ‘रुग्णाला आराम आहे. जहाज वळवत नाही. कॅप्टन गुप्ते.’ दहाच मिनिटांनी डॉक्टरांनी परत लिहिलं होतं, ‘आम्हाला हे मान्य नाही.’ ते उत्तर मी कधी पाहिलं नव्हतं, आणि लॉगबुकातही ते नव्हतं.

रुबिनाने ते कागद चौकशी अधिकाऱ्याला पाठवले, वर्तमानपत्रांना पाठवले. चौकशी पुन्हा उघडायला आणखी वर्ष गेलं. माझ्यावरचा ठपका काढला गेला. तोवर माझी दोन वर्षं तशीही भरली होती. कॅप्टनचं लायसन्स कायमचं गेलं, ऑफिसने त्यांना त्याच आठवड्यात काढलं. फोनवर ‘चोवीस तास बघा’ म्हणणारा माणूस कोण होता, ते कधीच बाहेर आलं नाही.

मी पुन्हा बोटीवर गेलो. आता मी स्वतः कॅप्टन आहे. दर सुट्टीत एकदा खाडी ओलांडून चाचींकडे जातो. आम्ही फार बोलत नाही. रुबिना माझ्याशी अजूनही तुटकच वागते, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

निकाल लागला त्या आठवड्यात मला कॅप्टन गुप्त्यांचा फोन आला होता. मी धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघत होतो. आवाज थकलेला होता.

“श्रीरंग, एवढं करायची गरज होती का रे?”

फेरीबोट खाडीच्या मध्यावर आली होती.

“मला येऊन भेटायचंस. घरी यायचंस. आपण बसून काहीतरी मार्ग काढला असता. तू असा उलटशील असं वाटलं नव्हतं मला. मुलासारखा मानला तुला.”

ते ढोंग करत नव्हते, हे मला त्या वेळीही कळलं. त्यांना खरोखरच लागलं होतं. आपल्या माणसाने दगा दिला की आवाज जसा होतो, तसाच तो होता.

“सर,” मी म्हणालो, “एकच विचारतो. मंगळवारी दुपारी तुम्ही माझं नाव का लिहिलंत? तेव्हा तर काहीच झालं नव्हतं.”

धक्क्याला बोट लागत होती. मग ते अगदी साधेपणाने म्हणाले, एखाद्या नवशिक्याला समजावून सांगावं तसं,

“अरे, तुझ्याबद्दल मनात काही नव्हतं तेव्हा. इतक्या वर्षांची सवय. कुणाचं तरी नाव लिहून ठेवावं लागतं.”